अंथरूण आजचे की उद्याचे?

उत्पादकता वाढली की देश अधिक कमावतो, आणि अधिक कमावणारा देश अधिक बचत करील, परदेशांचे देणे कमी करील, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा याच्या नेमके उलट घडते. कुटुंबांची बचत घटते आणि देश परक्यांचा ऋणको होतो. असे का होते, आणि त्यातले शहाणपण कोठे संपून उधळपट्टी कोठे सुरू होते, याचा हा मागोवा.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेविषयीचे दोन आकडे जगभर वारंवार चर्चिले जात. पहिला होता अमेरिकी कुटुंबांच्या बचतीचा. २००५ या वर्षाचे बचतीचे जे आकडे प्रथम प्रसिद्ध झाले, ते चक्क शून्याच्या खाली होते. कर वजा जाता हाती उरणाऱ्या उत्पन्नाहून अमेरिकी कुटुंबांचा खर्च अधिक होता, असा त्याचा अर्थ. पुढे आकडेवारीत सुधारणा होऊन हा दर तीन टक्क्यांच्या आसपास असल्याचे स्पष्ट झाले, तरी १९९० च्या दशकाच्या आरंभी तो आठ टक्क्यांच्या घरात होता हे लक्षात घेता घसरण मोठीच होती. दुसरा आकडा परदेशांशी होणाऱ्या व्यवहारांचा. २००६ मध्ये अमेरिकेच्या चालू खात्यावरील तूट सुमारे ८०० अब्ज डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की मराठी मध्यमवर्गीय मनात एकच वाक्प्रचार उमटतो: ऋण काढून सण. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तर या निदानावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले. परंतु एक गोष्ट या निदानात बसत नाही. बचतीची घसरण आणि तुटीची वाढ यांनी वेग घेतला तो १९९५ नंतर. आणि तोच काळ अमेरिकेच्या उत्पादकतेने दोन दशकांची मरगळ झटकून दुप्पट वेगाने धावू लागण्याचा होता. देश अधिक कार्यक्षम होत असतानाच त्याची बचत आटावी आणि परदेशी देणे वाढावे, हा निव्वळ योगायोग नव्हता.

बोनस, बढती आणि भरवसा

हे समजून घेण्यासाठी एका साध्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. त्याचे वार्षिक उत्पन्न सहा लाख रुपये आहे असे समजा. आता या कुटुंबाला तीन निरनिराळ्या प्रकारच्या आनंदाच्या बातम्या मिळतात असे कल्पू.

पहिली बातमी बोनसची. यंदा एकदाच साठ हजार रुपये जादा मिळणार आहेत. पुढील वर्षी पुन्हा पूर्वीचेच उत्पन्न. सुज्ञ कुटुंब यातले थोडे सणासुदीला खर्च करील आणि बाकीचे बँकेत ठेवील. त्याची बचत वाढेल. दुसरी बातमी बढतीची. आता दरवर्षी साठ हजार रुपये अधिक मिळणार आहेत, आणि ते कायमचे. अशा वेळी कुटुंब आपले राहणीमानच थोडे उंचावते. जादा उत्पन्न दरवर्षी येणारच असल्याने त्यातून अधिक शिल्लक टाकण्याची निकड त्याला भासत नाही. त्याची बचत साधारण होती तेवढीच राहते.

तिसरी बातमी सर्वांत वेगळी. आजच्या पगारात फारसा बदल नाही. परंतु मुलाने असे कौशल्य मिळवले आहे, की दहा वर्षांत पगार दुप्पट होण्याची खात्री आहे. हे कुटुंब काय करील? भाड्याच्या दोन खोल्यांत दहा वर्षे काढून मग घर घेण्याऐवजी ते आजच गृहकर्ज काढील आणि हप्ते उद्याच्या पगारातून फेडील. त्याची बचत घटेल, कदाचित उणेही होईल.

तिन्ही बातम्या चांगल्याच. पण पहिलीने बचत वाढली, दुसरीने ती जागच्या जागी राहिली आणि तिसरीने ती घटली. फरक आहे तो उत्पन्नवाढीच्या स्वरूपाचा: ती तात्पुरती आहे, कायमची आहे, की यापुढे उत्तरोत्तर वाढत जाणारी आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला ‘स्थायी उत्पन्ना’चा सिद्धान्त आणि फ्रँको मोदिग्लियानी यांचा ‘जीवनचक्रा’चा सिद्धान्त यांचा गाभा हाच आहे. माणसे केवळ या महिन्याच्या मिळकतीकडे पाहून खर्च ठरवीत नाहीत, तर आयुष्यभराच्या मिळकतीचा अंदाज बांधून ठरवतात. या दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले: फ्रीडमन यांना १९७६ मध्ये, मोदिग्लियानी यांना १९८५ मध्ये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली म्हण या सिद्धान्तांनाही मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की पाहायचे ते अंथरूण आजचे की उद्याचे?

घरातून देशाकडे

कुटुंबाचा हा हिशेब देशाला लागू करताना आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो, तो गुंतवणुकीचा. उत्पादकता वाढते तेव्हा प्रत्येक यंत्रातून, प्रत्येक कारखान्यातून पूर्वीपेक्षा अधिक उत्पादन निघू लागते. साहजिकच उद्योजकांना नवी यंत्रे, नवे कारखाने उभारावेसे वाटतात. म्हणजे उत्पादकतावाढ टिकाऊ आहे असा समज पसरला, की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. कुटुंबे बचत कमी करतात आणि कंपन्या गुंतवणूक वाढवतात.

गुंतवणुकीला पैसा लागतो तो बचतीतून. देशातील एकूण बचत गुंतवणुकीला अपुरी पडली, तर उरलेला पैसा परदेशातूनच यावा लागतो. हा परदेशी पैसा म्हणजेच चालू खात्यावरील तुटीची दुसरी बाजू होय. देश जेवढे निर्माण करतो त्याहून अधिक वापरतो, तेव्हा फरकाचा माल बाहेरून येतो आणि त्याची किंमत चुकवण्यासाठी देश कर्ज काढतो किंवा आपली मालमत्ता, समभाग, रोखे परकीयांना विकतो. देशाची बचत वजा देशाची गुंतवणूक बरोबर चालू खात्यावरील शिल्लक, हे समीकरण हिशेबाच्या व्याख्येतूनच येते. त्यामुळे निर्यात कमी पडली म्हणून तूट आली, असे म्हणणे अपुरे ठरते. बचत आणि गुंतवणूक यांच्यात अंतर का पडले, हे विचारल्यावाचून तुटीचा उलगडा होत नाही.

येथे एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. उत्पादकता सगळ्या जगात एकाच वेळी, सारख्याच वेगाने वाढली, तर प्रत्येक देशालाच कर्ज काढावेसे वाटेल. मग कर्ज देणार कोण? अशा वेळी व्याजदर चढतात, पण देशादेशांतील तूट आणि शिलकीत फारसा फरक पडत नाही. रुवेन ग्लिक आणि केनेथ रोगॉफ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आघाडीच्या औद्योगिक देशांची आकडेवारी तपासून हाच भेद दाखवला. बाह्य समतोल हलतो तो एखादा देश इतरांच्या पुढे जातो तेव्हा.

नॉर्वेने लावलेली पैज

उद्याच्या अंथरुणाकडे पाहून पाय पसरणारा देश शहाणाही असू शकतो, याचे उत्तम उदाहरण नॉर्वेचे. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडले. तेल सापडणे आणि ते हाती येणे यांत वर्षे जातात. विहिरी, तरंगते तळ, नळवाहिन्या उभाराव्या लागतात. त्यातच १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव सुमारे चौपट झाले आणि आपले भावी उत्पन्न किती मोठे असणार, याचा अंदाज नॉर्वेला आला. देशाने दोन्ही हातांनी कर्ज घेतले. काही तेलाच्या गुंतवणुकीसाठी, काही राहणीमानासाठी. १९७७ मध्ये नॉर्वेच्या चालू खात्यावरील तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १४ टक्क्यांवर गेली. एरवी एवढ्या तुटीचा देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर मानला गेला असता.

पण तेल आले, आणि तुटीची जागा शिलकीने घेतली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा नॉर्वेलाही चटके बसले. तरी मूळ हिशेब चुकला नव्हता. १९९० मध्ये कायदा करून नॉर्वेने तेलाच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र निधी निर्माण केला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली आणि आज तो एक लाख कोटी डॉलरहून मोठा आहे. तेल हे एकदाच मिळणारे आणि कधीतरी संपणारे धन. म्हणून ते हाती येऊ लागल्यावर त्यातले बरेचसे साठवून ठेवायचे. ही तर आपल्या पहिल्या कुटुंबाने बोनसबाबत दाखवलेलीच दूरदृष्टी झाली.

एका तुटीची दोन पर्वे

अमेरिकेचे प्रकरण इतके सरळ नाही. तेथील तासाला होणाऱ्या उत्पादनाची वाढ १९७३ ते १९९५ या काळात वर्षाला सरासरी दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होती. संगणक तर घरोघरी आले होते. परंतु ते उत्पादकतेच्या आकडेवारीत मात्र कोठे दिसत नाहीत, अशा आशयाचा टोला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लगावला होता. १९९५ नंतर ते दिसू लागले. संगणक आणि त्यांतील चिप बनवणारे उद्योग, त्यांचा वापर करणारे घाऊक व किरकोळ व्यापारी यांच्या जोरावर उत्पादकतावाढीचा दर जवळपास तीन टक्क्यांवर गेला आणि सुमारे दशकभर तेथे राहिला.

दीड आणि तीन यांतील फरक किरकोळ वाटतो. तो तसा नाही. दीड टक्क्याच्या वेगाने उत्पादन दुप्पट व्हायला सुमारे ४७ वर्षे लागतात, तीन टक्क्यांच्या वेगाने २४. पहिल्या वेगात नातवाला आजोबांच्या दुप्पट मिळते. दुसऱ्यात मुलालाच वडिलांच्या दुप्पट मिळते. हा नवा वेग कायम राहणार असे ज्या कुटुंबाला वाटले, त्याने बचत कमी केली तर त्याला अविचारी कसे म्हणावे? शेअर बाजारानेही हीच ग्वाही दिली. भावी नफ्याच्या अपेक्षेने समभाग वधारले आणि आपली बचत शेअर बाजारच करीत आहे, अशी भावना घराघरांत रुजली. कंपन्यांनी यंत्रे, संगणकप्रणाली, दूरसंचाराचे जाळे यांवर मोठा खर्च केला. त्या काळात इसवी सन २००० च्या संगणकीय अडचणीवर काम करण्यासाठी पुण्या-मुंबईतील शेकडो तरुण अभियंते अमेरिकेच्या वाऱ्या करीत होते, तेही याच लाटेचे एक टोक.

चालू खात्यावरील तूट १९९५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दीड टक्क्याच्या आसपास होती, ती २००० मध्ये चार टक्क्यांवर गेली. या वेळी सरकारी उधळपट्टीवर दोष ढकलण्याची सोयही नव्हती. १९९८ ते २००१ अशी सलग चार आर्थिक वर्षे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा अर्थसंकल्प शिलकी होता. सरकार बचत करीत असतानाही देशाची परदेशी तूट वाढली, कारण कुटुंबांची बचत घटत होती आणि कंपन्यांची गुंतवणूक वाढत होती. उत्पादकतेच्या सिद्धान्ताने वर्तवलेले चित्र ते हेच.

मार्च २००० मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांचा फुगा फुटला आणि पहिले पर्व संपले. तूट मात्र कमी झाली नाही. २००० ते २००६ या दुसऱ्या पर्वात ती चारवरून सहा टक्क्यांपर्यंत चढली. पण तिच्या आतला माल बदलला होता. यंत्रांवरील गुंतवणुकीची जागा घरबांधणीने घेतली. २००३ च्या मध्यावर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर एक टक्क्यावर आला होता. घरांच्या किमती चढत होत्या आणि चढलेल्या किमतीवर आणखी कर्ज काढून कुटुंबे रोजचा खर्च भागवीत होती. सरकारचा अर्थसंकल्पही पुन्हा तुटीत गेला. पहिल्या पर्वात परकीयांचा पैसा बव्हंशी कंपन्यांचे समभाग आणि उद्योग विकत घेण्यासाठी येत होता. दुसऱ्यात तो प्रामुख्याने सरकारी आणि गृहकर्जांशी निगडित रोख्यांत आला, आणि त्यातला मोठा वाटा आशियातील मध्यवर्ती बँकांचा होता.

आणखी एक गोष्ट घडत होती. उत्पादकता वाढत असली, तरी तिची फळे पूर्वीच्या प्रमाणात पगारदारांच्या पदरात पडेनाशी झाली होती. २००० नंतर राष्ट्रीय उत्पन्नातील मजुरीचा हिस्सा घसरू लागला आणि नफ्याचा वाढला. देशाचे अंथरूण वाढत होते, पण ते प्रत्येक घरात वाढत नव्हते. पाय मात्र सर्वांनीच पसरले होते. २००५ च्या सुमारास उत्पादकतेचा वेगही मंदावून जुन्या दीड टक्क्याच्या जवळ परतला. दुर्दैव असे, की असा बदल घडत असताना कोणालाच कळत नाही. उत्पादकतेचे आकडे तिमाहीगणिक वरखाली होतात, नंतर सुधारले जातात, आणि कल बदलला हे उमजायला अनेक वर्षे जातात. तोवर कर्जे काढून झालेली असतात.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी दहा टक्क्यांवर गेली. कुटुंबे पुन्हा बचत करू लागली आणि चालू खात्यावरील तूट २००९ मध्ये तीन टक्क्यांच्या खाली आली. ताळेबंद सावरला खरा, पण त्याची किंमत लाखो कुटुंबांनी घरे आणि नोकऱ्या गमावून चुकवली.

पोर्तुगालची फसगत

अपेक्षा पूर्णपणे फोल ठरली तर काय होते, हे पोर्तुगालने दाखवले. १९९० च्या दशकात तो युरोच्या उंबरठ्यावर होता. जर्मनीसारख्या देशांच्या पंक्तीला बसल्यावर आपली उत्पादकताही वेगाने त्यांच्या जवळ जाईल, असा सार्वत्रिक विश्वास होता. दोन आकडी व्याजदर झपाट्याने खाली आले. कुटुंबांनी घरे घेतली, बचत घटली. १९९५ मध्ये जवळपास समतोल असलेले चालू खाते २००० मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे दहा टक्के तुटीत गेले. ऑलिव्हिये ब्लांशार आणि फ्रान्चेस्को जियावात्झी या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये या तुटींचे विश्लेषण केले, तेव्हा गरीब देश श्रीमंतांच्या बरोबरीला येताना अशी तूट स्वाभाविक असते, असाच त्यांचा सूर होता.

पोर्तुगालची उत्पादकता मात्र हलली नाही. २००० नंतरचे दशक जवळपास वाढीविना गेले. कर्ज उद्याच्या पगाराच्या भरवशावर काढले होते आणि तो पगार आलाच नाही. बाजारात तुरी असतानाच घरात वाद घालणाऱ्या भटाची ही गोष्ट. २०११ मध्ये पोर्तुगालला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ७८ अब्ज युरोंचे साह्य घ्यावे लागले. त्या वेळी नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते ते ब्लांशारच. सिद्धान्त चुकीचा नव्हता. त्यात घातलेला उत्पादकतेचा अंदाज चुकला होता.

विकसनशील देशांत असे झोके अधिक तीव्र असतात. गीता गोपीनाथ आणि मार्क अग्यार यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मेक्सिको आणि कॅनडा यांची तुलना करून याची मीमांसा केली. स्थिर अर्थव्यवस्थेत एखाद्या वर्षीची तेजी ही तात्पुरती लाट मानली जाते, त्यामुळे लोक तेजीत थोडे बाजूला टाकतात. उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत मात्र धोरणे आणि परिस्थिती इतक्या वेगाने पालटतात, की प्रत्येक तेजी ही नव्या युगाची सुरुवात आणि प्रत्येक मंदी हा त्याचा अंत भासतो. म्हणून तेथे तेजीत बचत घटते, तूट वाढते, आणि वारे फिरले की दोन्ही एकदम कोसळतात.

चीनचे कोडे

आतापर्यंतचे विवेचन खरे मानले, तर गेल्या काही दशकांत सर्वाधिक परदेशी कर्ज चीनने घ्यायला हवे होते. इतक्या मोठ्या देशात इतक्या वेगाने आणि इतका काळ उत्पादकता वाढल्याचे दुसरे उदाहरण नाही. प्रत्यक्षात चीनने जगाला कर्ज दिले. २००७ मध्ये त्याच्या चालू खात्यावरील शिल्लक सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती. बेन बर्नान्के यांनी मार्च २००५ च्या भाषणात अमेरिकेच्या तुटीचे कारण जगातील अतिरिक्त बचतीत शोधले, तेव्हा त्यांचा रोख आशियातील अशाच देशांकडे होता.

भांडवल श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे का वाहत नाही, हा प्रश्न रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्येच विचारला होता, आणि त्यासाठी उदाहरण घेतले होते भारताचे. नुसत्या पाठ्यपुस्तकी गणिताने पाहिले तर भारतातील भांडवलावरचा परतावा अमेरिकेतील परताव्याच्या ५८ पट यायला हवा, असे त्यांनी दाखवले. असे असते तर साऱ्या जगाचा पैसा भारताकडे धावला असता. पुढे पियेर-ऑलिव्हिये गुरिंशा आणि ऑलिव्हिये जॅन यांनी तर असे दाखवून दिले, की विकसनशील देशांपैकी ज्यांची उत्पादकता अधिक वाढली, त्यांच्याकडे परदेशी भांडवल उलट कमी गेले.

याचे उत्तर पुन्हा घरातच सापडते. उद्याच्या पगारावर आज खर्च करायचा, तर तीन गोष्टी लागतात: कर्ज देणारी बँक, आजारपण आणि म्हातारपण यांची फारशी चिंता नसणे, आणि उद्यावर विश्वास. चीनमध्ये सरकारी उद्योगातील नोकरीबरोबर घर, औषधपाणी, निवृत्तिवेतन सारे मिळत असे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था मोडली आणि कोट्यवधी कामगारांना घरी बसावे लागले. एका मुलाच्या धोरणामुळे वृद्धापकाळी आधार देणारी मुलेही कमी. बँका कर्ज देत त्या प्रामुख्याने सरकारी उद्योगांना. अशा स्थितीत कुटुंबाचे उत्पन्न दरवर्षी वाढत असले, तरी ते मूठ आवळूनच खर्च करते. शिवाय राहणीच्या सवयी उत्पन्नाइतक्या वेगाने बदलत नाहीत, त्यामुळे मधले अंतर बचतीत जाते. चीनच्या शिलकीतला मोठा भाग म्हणजे सामान्य माणसाची असुरक्षितता होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. तूट म्हणजे उधळपट्टी हे जसे नेहमी खरे नसते, तसेच शिल्लक म्हणजे सुबत्ता हेही नेहमी खरे नसते.

आपल्या घरचा हिशेब

भारताने ही दोन्ही रूपे अनुभवली आहेत. २००३ ते २००८ या वर्षांत आपली उत्पादकता वाढली, त्याबरोबर बचतही वाढली. २००७-०८ मध्ये देशातील एकूण बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३७ टक्क्यांच्या जवळ होती. गुंतवणूक त्याहूनही थोडी अधिक असल्याने तूट आली, पण ती माफक होती. याउलट २०१२-१३ मध्ये तूट ४.८ टक्क्यांवर, सुमारे ८८ अब्ज डॉलरवर गेली. ती काही उद्याच्या उत्पादकतेवर लावलेली पैज नव्हती. महाग तेल होतेच, शिवाय महागाईने बँकेतील ठेवींचे मोल कमी केल्यामुळे लोकांनी सोन्याकडे धाव घेतली. त्या वर्षी सोन्याची आयात सुमारे ५४ अब्ज डॉलरची झाली. तिजोरीत पडलेले सोने उद्या डॉलर कमावून देत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलरचा भाव ६८ रुपयांच्या वर गेला, तेव्हा या तुटीचा अर्थ सर्वांनाच कळला.

पुढे २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, समभाग इत्यादींतील भर वजा नवी कर्जे, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली. सुमारे पाच दशकांतील हा नीचांक होता. त्यावर दोन मते पुढे आली. अर्थमंत्रालयाचे म्हणणे असे, की लोक घरे आणि वाहने घेत आहेत, म्हणजेच त्यांचा भविष्यावर विश्वास आहे. टीकाकारांचे म्हणणे असे, की उत्पन्न पुरत नाही म्हणून लोक कर्ज काढत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांसाठी बँकांना अधिक भांडवल राखायला लावले, त्यावरून तिलाही काही कर्जांची धास्ती वाटत होती हे उघड आहे. याच काळात चालू खात्यावरील तूट मात्र आटोक्यात राहिली; २०२३-२४ मध्ये ती एक टक्क्याहूनही कमी होती. सॉफ्टवेअर सेवांची निर्यात आणि परदेशस्थ भारतीयांनी घरी धाडलेला पैसा यांनी ती सावरून धरली.

घटत्या बचतीचा अर्थ आशा की ओढाताण, हे बचतीच्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. काढलेले कर्ज उद्याची कमाई वाढवणाऱ्या गोष्टीत गेले, की आजच्या खर्चात विरले? उत्पादकता खरोखरच वाढते आहे का, आणि तिचा लाभ कर्ज काढणाऱ्या घरांच्याच पगारात उतरतो आहे का? आणि पैसा देणारा दीर्घकाळासाठी आला आहे, की उद्या सकाळी परत मागणार आहे? नॉर्वेला या तिन्ही प्रश्नांची बरी उत्तरे देता आली असती. २००६ मधील अमेरिकेला आणि पोर्तुगालला ती देता आली नसती.

आज हेच प्रश्न पुन्हा अमेरिकेसमोर उभे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे उत्पादकतेचे नवे पर्व सुरू होणार, या अपेक्षेने समभाग वधारले आहेत आणि कंपन्या प्रचंड गुंतवणूक करीत आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या चालू खात्यावरील तूट १.१ लाख कोटी डॉलरवर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे चार टक्क्यांवर गेली. हे प्रमाण जवळपास २००० सालचेच. फरक असा, की त्या वेळी अमेरिकेचे सरकार बचत करीत होते. या वेळी तेही मोठ्या तुटीत आहे. अपेक्षा खरी ठरली, तर ही तूट फेडणे अवघड जाणार नाही. ती खोटी ठरली, तर फेड कशी होते हे २००८ ने दाखवून ठेवले आहे.

उद्याचे अंथरूण पाहून पाय पसरण्यात गैर काही नाही. तरुण दांपत्य गृहकर्ज घेते तेव्हा तेच करीत असते, आणि त्यांनी तसे केले नाही तर अर्धे आयुष्य भाड्याच्या घरात जाईल. पण ते दांपत्य कर्ज घेताना एक हप्ता चुकला तर काय, याचाही विचार करते. देशांच्या बाबतीत हा विचार कोणी एक जण करीत नाही. प्रत्येक कुटुंब, प्रत्येक कंपनी आपापला हिशेब मांडते, आणि सर्वांच्या हिशेबात उत्पादकतेचा एकच अंदाज धरलेला असतो. तो चुकला, तर सर्वांचाच एकदम चुकतो. म्हणूनच चांगल्या काळात, उद्याविषयी सर्वांचे एकमत असताना, थोडी शिल्लक गाठीला ठेवण्याचा जुना सल्ला अजूनही बाद झालेला नाही.